सुनंदाची चटणी

हसायचं असेल तर हसा, पण त्या सुनंदावर मी अजून जळते. आमच्या बचत गटाची बैठक असली, की सगळ्या तिच्याच खुरासणीच्या चटणीचं कौतुक करतात.

गेल्या महिन्यात बैठक मोखाड्याला आमच्याच घरी होती. सकाळी दहाला जमायचं आणि स्वस्तात, सोपं काहीतरी खायचं, असं ठरत होतं. मी लगेच म्हटलं, "नागलीच्या भाकऱ्या आणि पिठलं मी करते. सुनंदा, तू फक्त कांदे आण."

बाई कांदे घेऊन आली, आणि वर एक डबा. "नुसते कांदे काय आणायचे, म्हणून थोडी चटणी आणली."

झालं! सगळ्या डब्यावर तुटून पडल्या. माझं पिठलं पातेल्यात थिजलं.

मी आवाज गोड करून विचारलं, "कुठं शिकलीस गं एवढी छान?"

"अगं, तुझ्या सासूबाईंनीच शिकवली की! म्हणाल्या, आमच्या घरात मला विचारतंय कोण?"

मी वळून बघितलं. सासूबाई कोपऱ्यात भाकरी खात होत्या. ताटातलं पिठलं तसंच होतं. मला म्हणाल्या, "तो डबा जरा इकडं सरकव."