फुलीचा दगड

श्रद्धा : पाणी नको आई, आधी ऐका. मोजणीवाले आलेत. कर्जतचे अलीकडून, खालापूरचे पलीकडून, आणि ओढ्यात मधोमध दोन्ही सरपंच पँटी दुमडून उभे.

सुंदरा : भांडतायत?

श्रद्धा : हसतायत. अकरा वर्षांत पहिल्यांदा. हद्द ठरली की ओढ्यावरचा सांकव कुणी बांधायचा ते ठरलं. दोन्ही पंचायती तयार आहेत, जागा कुणाची तेवढंच कागदावर पाहिजे.

सुंदरा : बाई गं. म्हंजे पुढच्या पावसात शकूसारखी कुनाला बाळंतपनाला झोळीतून न्यायला नको.

श्रद्धा : नको. पण घोळ झालाय. जुन्या नकाशात हद्दीचा दगड दाखवलाय, तोच सापडत नाही. त्याच्या जागेवर मशीन लावायचं आहे. चार वाजता ते निघतील, मग पुढची तारीख कधी मिळेल देव जाणे. मी वॉर्डाची मेंबर, सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत. बाबा, वाडीत तुम्हीच जुने. आठवतो का तो?

येसाजी : ओढ्याला काय कमी दगड हायत?

श्रद्धा : असा तसा नाही. घडवलेला, चौकोनी, वरून सपाट. एका अंगाला फुली कोरलेली.

सुंदरा : फुली? आपल्या धुन्याच्या दगडाला हाय की फुली. मोरीच्या भिंतीकडं. शेवाळ खरवडताना हाताला लागते.

श्रद्धा : काय सांगताय, आई.

सुंदरा : पन तो कसा आसंल? तो यांनी नदीवरून आनला, माज्या लग्नाच्या वर्साला. व्हय ना वो?

येसाजी : नदीवरून.

श्रद्धा : नदीत गोल गोटे असतात, बाबा. घडीव दगड कुठून येईल?

येसाजी : येतो वाहून. कुटला पूलबिल मोडला आसंल.

श्रद्धा : बरं, राहू दे. त्यांनी काठाला तीन ठिकाणी खणून पाहिलं. पूर्वी दगडाखाली कोळसे पुरायचे म्हणे, कोळसा कुजत नाही. ते लागले की तीच जागा. पण एकसुद्धा लागला नाही.

येसाजी : काठाला कशाला लागतील? ते वरती, ऐनाच्या झाडाखाली.

सुंदरा : काय म्हनालात?

येसाजी : काय नाय.

सुंदरा : ऐनाखाली कोळसे हायत हे तुमाला कुनी सांगितलं?

येसाजी : सांगायला कशाला पायजे. दगड उपसला तवा माजेच हात काळे झाले.

श्रद्धा : बाबा!

येसाजी : हां, मीच आनला. चढ उतरून, खांद्यावर. भर दुपारी.

सुंदरा : हद्दीचा हाय ते ठाव व्हतं?

येसाजी : व्हतं. पन सपाट तेवढाच. आनि तवा हद्दीचं कुनाला पडलेलं? दोनी अंगाला आपलेच पावणे. तू नवी व्हतीस. जनाकाकूच्या दगडावर धुवायला बसलीस, तर तिनं तुजी बादली लवंडून दिली. घरी येऊन चुलीकडं तोंड करून बसलीस.

सुंदरा : धूर लागला आसंल डोळ्यांत.

येसाजी : चूल पेटलीच नव्हती.

सुंदरा : चाळीस वर्सं मला नदीवरून म्हनून सांगितलंत.

येसाजी : तेवढ्यानं काय बिघडलं नसतं. पन सांकव अडला. शकूला नेली तवा झोळीचा पुढचा दांडा तिच्या नवऱ्यानं, नागूनं धरलेला, मागचा मी. काठावरच बाळंत झाली पोरगी. तवा बी माजं तोंड उघडलं नाय. आता कुटल्या तोंडानं जाऊ? नागूच फावडं घेऊन उभा आसंल तितं.

श्रद्धा : आहे. तोच खणतोय.

येसाजी : मग तू जा. ऐनाखाली खना म्हनून सांग. माजं नाव काडू नको.

श्रद्धा : जागा कुठली ते दाखवायला माणूस लागतो, बाबा. चाललेत ते.

सुंदरा : उठा. मी येते संगं. चपला ऱ्हाऊ द्या, चला.

(अर्ध्या तासाने, ओढ्याच्या वर, ऐनाखाली.)

श्रद्धा : लागले. आई, बघा, मूठभर आहेत.

सुंदरा : जसेच्या तसे की गं. काल पुरल्यासारखे.

येसाजी : नागूला सांगितलंस?

श्रद्धा : सगळं सांगितलं.

येसाजी : काय बोलला?

श्रद्धा : आधी फावडं खाली टाकलं. मग म्हणाला, दगड आणायला मी जातो, म्हाताऱ्याला उचलू देऊ नका. गेलाय तुमच्या मोरीवर.

सुंदरा : आनि ते मशीन काय म्हनतंय?

श्रद्धा : सांकवाची जागा खालापुरात. तिकडच्या सरपंचांनी इथूनच इंजिनिअरला फोन लावला, आणि आपले सरपंच त्यांच्या पाठीवर थापा मारतायत. बाबा, तुमचा जबाब मलाच लिहायला सांगितलाय. नाव लिहिलं, साल लिहिलं. दगड का हलवला, ती ओळ मोकळी आहे.

सुंदरा : लिव, चुकून.

येसाजी : चुकून नाय.

श्रद्धा : मग काय लिहू?

येसाजी : लिव, बायको रडत व्हती.