एक स्क्रू उरतोच

…नाही तर काय! पित्ताशय म्हणजे काय मिक्सर आहे? तुम्हीच सांगा. अहो बसा ना, बसा, माझी पिशवी मी मांडीवर घेते, या बाकावर तिघी आरामात मावतात… तुमचं कोण आहे आत? मुलगी? होईल हो बरी, तरुण आहे. माझे हे आहेत. पित्ताशयात खडे. आणि तुम्हाला सांगते, खडे निघाले म्हटल्यावर कुणीही शहाणा माणूस काय करील? डॉक्टरांना तारीख विचारील. आमच्या ह्यांनी काय केलं? रिपोर्टची घडी घातली, खिशात ठेवली आणि सरळ दुकानात जाऊन एका बाईची इस्त्री उघडून बसले!

दुकान म्हणजे मिक्सर, पंखे, इस्त्र्या दुरुस्तीचं. एवढंसं आहे, गिऱ्हाईक आत आलं की ह्यांना बाहेर यावं लागतं. आणि तिथे फळीवर एक पत्र्याचा डबा आहे, स्क्रूंनी भरलेला. लग्न नवीन होतं तेव्हा मी विचारलं होतं, अहो, हे कुठले? म्हणाले, "उरलेले." उरलेले म्हणजे? "उघडलं, साफ केलं, परत बसवलं, उरले." अगं बाई, मग ती मशिनं? "चालतात की! पण आवाज पहिला राहत नाही. कारखान्यातून आलेलं ते आलेलं. उघडलं की एक स्क्रू उरतोच." आता मला काय माहीत, हे सगळं पुढे स्वतःच्या पोटाला लावणार आहेत म्हणून!

दुखणं काही साधं नव्हतं हो. जेवून उठले की बरगडीखाली असं दाबून धरायचे, घामाघूम व्हायचे, भिंतीला टेकून उभे राहायचे… आणि मी बघतेय म्हटल्यावर भिंतीवरचं कॅलेंडर वाचतोय असं दाखवायचे. एप्रिल महिना तीनदा वाचला त्यांनी. शेवटी ओढत नेलं. डॉक्टर भला माणूस, चित्र काढून दाखवलं, ही पिशवी, हे खडे, ही अख्खी पिशवीच काढून टाकू, दुर्बिणीतून करू, चार बारीक भोकं पाडून. झालं! ह्यांनी खुर्ची पुढे ओढली. "पिशवी काढणार? नुसती साफ नाही करता येत?" नाही म्हणाले डॉक्टर. "मग पिशवीवाचून चालतं?" चालतं म्हणाले. "चालतं तर बसवली कशाला होती?" आता काय उत्तर देईल तो? तो डॉक्टर, त्याने थोडीच बसवली होती! "आणि भोकातून म्हणजे झाकण न काढता? अहो, झाकण न काढता मी साधा वायसर बदलत नाही." मी टेबलाखालून पाय दाबला तर मलाच म्हणतात, "पाय का देतेस?" बाहेर आल्यावर जिन्यात थांबले आणि म्हणाले, "उघडायचं नाही. उघडलं की एक स्क्रू उरतोच." आणि चालू लागले.

मग सुरू झाले घरचे उपाय. बाई बाई बाई… खडे ह्यांच्या पोटात, पण औषध प्रत्येकाच्या तोंडात! दुकानाशेजारी शिंपीदादा आहे, तो तर काडेपेटीच घेऊन आला. उघडतो काय, आत कापसावर खडा! "माझा आहे. पडला. पाणी, वहिनी, पाणी! बादलीभर पाणी पाजा रोज, घरंगळत खाली येईल." अहो, म्हटलं, तुमचा तो मुतखडा, ह्यांचा पित्ताचा, हा वरचा, तो खालचा, ह्याची वाट वेगळी, त्याची वाट वेगळी! "खडा तो खडाच हो वहिनी, त्याला काय पत्ता माहीत असतो?" प्या पाणी. दोन्ही वेळ पाणी. रात्रभर नळ आणि संडास, नळ आणि संडास… खडा जागचा हलला नाही, माझी झोप मात्र गेली. मग कुणी म्हणालं मुळ्याचा रस. घरात चार दिवस असा वास, की दूधवाला दारातून नाक मुरडून परत गेला. मग बिटाचा रस. मग जवाचं पाणी. सगळं मीच किसायचं, मीच गाळायचं, आणि पेला हातात दिला की हे लहान मुलासारखे डोळे मिटून प्यायचे आणि विचारायचे, "जाईल ना गं?" मी म्हणायची, जाईल. काय म्हणणार? तुम्ही काय म्हटलं असतं?

ऑपरेशनच्या दारावरचा तो दिवा अजून लालच आहे ना? माझा चष्मा घरी राहिला. लालच? बरं.

मग नणंदेचा फोन. ती म्हणाली, "वहिनी, एक जालीम उपाय आहे. दिवसभर नुसतं सफरचंद, संध्याकाळी पेलाभर ऑलिव्हचं तेल आणि त्यात लिंबू. सकाळी बघ, टपाटप पडतात खडे!" तेल प्यायले हो हे. पेलाभर! आणि सकाळी… आता तुम्ही डबा उघडलेला नाहीये ना? नाही, खात असाल तर थांबते… सकाळी आतून आरोळी, "अगं! पडले! पडले!" मला वाटलं, हेच पडले. धावत जाते तर हे दारात उभे, हातात जुनी चाळणी, आणि त्या चाळणीत हिरवेगार गोळे. वाटाण्याएवढे. काही बोराएवढे. धुऊन बरणीत भरले, बरणी खिडकीत ठेवली, आणि येईल त्याला दाखवायला सुरुवात! शिंपीदादाला तर मुद्दाम बोलावलं. तो आपली काडेपेटी खिशातून काढेचना, इतका खजील झाला. आणि हे हसत होते हो. मोठ्याने. थोरले दीर गेल्यापासून मी ह्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं… त्यांचं सांगते पुढे. मी ती बरणी पुसली, पुन्हा जागेवर ठेवली. दुपारी खिडकीत ऊन आलं. बघते तर गोळे विरघळून बरणीत हिरवं तेल! बोट लावून पाहिलं, बुळबुळीत, पाण्याखाली धरलं तर फेस. साबण, हो! डॉक्टरांनीही नंतर तेच सांगितलं, तेल आणि लिंबू पोटात एकत्र होऊन असे गोळे होतात, त्यात खड्याचा कणसुद्धा नसतो. मी संध्याकाळी बरणी ह्यांच्यासमोर ठेवली. झाकण उघडून वास घेतला. मग म्हणाले, "साबण तर साबण. धुतलं तरी गेलं असेल आतलं." आणि उठून दुकानात गेले. त्या दिवशी सुट्टी होती दुकानाला.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय भ्यायचं? सगळे असंच म्हणतात. म्हणून सांगते थोरल्या दिरांचं. दादा. ह्यांच्यापेक्षा बरेच मोठे, ह्यांना त्यांनीच वाढवलं, हातात पहिला पाना त्यांनीच दिला. दादांच्या पोटात एकदा दुखायला लागलं, उजवीकडे, खाली. अपेंडिक्स. पण कुणाला ठाऊक होतं? दादा म्हणाले, वायू धरलाय, शेकलं की जाईल. मग हे त्यांच्या उशाशी बसून गरम पाण्याच्या पिशवीने शेकत राहिले. पाणी निवलं की पुन्हा भरायचं, निवलं की पुन्हा भरायचं, दुकान बंद, जेवणखाण नाही. शेवटी नेलं तेव्हा आत फुटलेलं होतं. डॉक्टरांनी पोट उघडलं… आणि हे दादांच्या चपला हातात धरून, असेच, अशाच बाकावर बसून होते. चपलाच घेऊन घरी आले. तेव्हापासून आमच्याकडे एकच गोष्ट बोलली जाते, दादांना उघडलं म्हणून दादा गेले. बारा जणांना हेच सांगितलं ह्यांनी. नणंद हेच सांगते. मीही मान हलवायची. पण शेकायची ती पिशवी ह्यांनी त्याच आठवड्यात कात्रीने कापून टाकून दिली होती, ते मी पाहिलं होतं. मी कधी विचारलं नाही. ते कधी बोलले नाहीत.

तर काल काय झालं… पाणी आहे का हो तुमच्याकडे? घसा सुकला. हां. काल दुकानात एक बाई मिक्सर न्यायला आल्या, शाळेत शिकवतात, त्या ह्यांच्याकडे बघतच राहिल्या. "अहो, तुमचे डोळे पिवळे दिसतायत!" हे म्हणतात, "दुकानातला दिवाच पिवळा आहे." त्यांनी मला फोन केला. मी गेले तर अंगात ताप, दातावर दात वाजतायत, आणि हात तिथेच, बरगडीखाली. म्हटलं, चला. "उघडायचं नाही." अहो, डॉक्टर म्हणाले होते, खडा नळीत उतरला की डोळे पिवळे होतात, मग थांबायचं नाही, चला! "एक स्क्रू उरतोच गं, तुला कळत नाही. त्यापेक्षा एक कर, एका बाटलीत गरम पाणी भरून दे, शेकतो जरा."

शेकतो म्हणाले हो.

मी घरी गेले. पाणी तापवलं. बाटली भरली, फडक्यात गुंडाळली, घेऊन आले. हेही केलं मी. ह्यांनी हात पुढे केला. आणि तेव्हा माझ्या तोंडून गेलं, "दादांना उघडलं म्हणून नाही गेले ते. तुम्ही शेकत बसलात म्हणून गेले."

असं म्हणावं का? सांगा ना, असं म्हणावं का एखाद्याला? खरं तरी होतं का ते? दवाखान्यात जायचं नाही हा हट्ट दादांचा होता. ह्यांनी काय केलं, भावाला कळा येत होत्या, त्या बघवेनात म्हणून ऊब दिली. एवढंच. ते मला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी मी ते बोलले, कारण दुसऱ्या कशानेही हे उठले नसते. पाणी पाजून झालं, रस पाजून झाले, रडून झालं, लेकीकडून फोन करवून झाला… शिल्लक तेवढंच होतं माझ्याजवळ.

ह्यांनी माझ्या हातातली बाटली हळूच टेबलावर ठेवली, सांडायला नको म्हणून झाकण घट्ट केलं. शर्ट घातला, तोही उलटा. दुकानाला कुलूप लावलं आणि गाडीत जाऊन बसले. आणि तेव्हापासून माझ्याशी एक शब्द नाही. डॉक्टरांशी बोलले, सिस्टरशी बोलले, शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना पंख्याची खडखड कशी घालवायची तेही सांगितलं… मी विचारलं, अहो, उशी सारखी करू का? तर खिडकीकडे बघत राहिले. सकाळी आत नेताना घड्याळ काढून माझ्या तळहातावर ठेवलं, पण बघितलं नाही माझ्याकडे. दार लागलं. इतक्या वर्षांत ह्यांनी माझ्यावर आवाज चढवला असेल, ताट सारलं असेल, पण अबोला कधी धरला नव्हता हो. भांडणाचं काय, भांडण मिटतं. हे कसं मिटायचं? आणि समजा, तसंच… नाही, नाही म्हणत मी तसलं काही. डॉक्टर म्हणाले होते तासाभराचं काम आहे. किती झाला वेळ? जाऊ दे, नका सांगू.

थांबा, दार उघडलं. सिस्टर काय म्हणतेय? मोठ्याने बोला हो, इकडे ऐकू येत नाही!

"'अगं' कोण आहे इथे?"

काय?

"'अगं'! पित्ताच्या पेशंटचं कोण आहे? झालं ऑपरेशन, नीट झालंय, शुद्धीवर येतायत हळूहळू. मघापासून नुसतं 'अगं, अगं' चाललंय. मी म्हटलं, नाव सांगा आजोबा, तर म्हणतात, 'अगंच'!"

अहो, बसा, बसा, तुम्ही सगळ्या का उभ्या राहिलात? तुमचं अगं वेगळं! हे माझं आहे. माझंच. ह्यांना आवाज द्यायला दुसरा शब्दच येत नाही… सिस्टर, पूर्ण शुद्धीवर आलेत का? अजून नाही ना? अर्धवट आहेत? मग मला आत्ताच आत सोडा, हात जोडते. बाई, ही पिशवी जरा बघा हो माझी… भेटायची वेळ नाहीये ते मला माहीत आहे, पण तेवढं ऐका माझं, आत्ताच सोडा. एकदा का पूर्ण शुद्धीवर आले, की आठवेल त्यांना, माझ्याशी बोलायचं नाहीये म्हणून.