सरासरीनं जिवंत

मी बटण दाबलं होतं की नाही, साहेब? — नाही नाही, तो क्रेनचा रिमोट, तुम्हीच बनवलेला, खाली ठेवायचा नाही, धरा दोन्ही हातांनी, मी धरायचो तसा. दादा गेल्यापासून विचारतोय. फोरमन म्हणतो, पोरानं उशीर केला. आणि वहिनी — वहिनी ताट सरकवते नि तोंड फिरवते. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. — घाबरताय कशाला? क्रेनच्या हुकाखाली मी उभा आहे, तुम्ही नाही. दादा इथंच उभा होता, खाली अडकलेला पट्टा सोडवत. वर असाच लोखंडाचा बोजा. मी थांबवायचं लाल बटण दाबलं, अंगठा पांढरा पडेस्तोवर दाबलं — बोजा आपला खाली येतोच आहे, येतोच आहे.

आणि चौकशीत तुम्ही काय दाखवलंत? पडद्यावर एक रेघ. म्हणे रिमोटचा सिग्नल कमीजास्त होत असतो, त्याचं आम्ही गणित मांडलंय, सरासरी उत्तम आहे! मी सातवी नापास, पण सरासरी मलाही कळते. दादाला मरायला एक क्षण लागला, बाकी सगळा वेळ तो जिवंतच होता — मग सरासरीनं तो जिवंतच की! जेवायला का येत नाही घरी? आणि मोजलंत कधी, तर सुट्टीच्या दिवशी. यार्ड रिकामं, एक ट्रक हलत नव्हता. का, तर कामाच्या दिवशी ट्रक आडवे येतात, आकडे नाचतात! नाचणारच ना — आम्ही त्या नाचातच उभे असतो. — मला काय कळतंय म्हणता? मला नाही, तुम्हालाच कळतंय. चौकशीनंतर जिन्यात त्या दुसऱ्या साहेबांच्या कानात काय बोललात? मी मागेच होतो.

आज ट्रक चालू आहेत. हा बघा, एक आलाच. सोडा बोजा खाली, नि ट्रक मध्ये आला की दाबा लाल बटण. थांबला तर तुमचं गणित खरं. नाही थांबला तर जन्मभर लोक तुम्हाला विचारतील — दाबलं होतं का? — सरासरी उत्तम आहे ना?

काय? मोठ्यानं. जिन्यात बोललात तेच. मला नको, तिला सांगा — केबिनच्या दारात उभी आहे ना, ती वहिनी, मीच आणलंय तिला. हां... ‘त्यानं वेळेवर दाबलं होतं, सिग्नलच पोचला नाही.’ पुन्हा एकदा. — ऐकलंस, वहिनी?

द्या तो रिमोट इकडे. निघा. परत तोंड दाखवू नका. — अहो, तिकडून नको! हुकाखालून नको, साहेब, बाजूनं जा!