कोठाराचं दार

पापनाशमच्या बसमध्ये वरलक्ष्मीच्या पुढच्या बाकावर नित्या नावाची कॉलेजातली मुलगी आत्याला आपली विज्ञानकथा सांगत होती.

"परग्रहावरलं जुनं कोठार आहे, आत्या. बांधणारे केव्हाच संपले, भिंतीला मात्र अजून तडा नाही."

"नवलाचीच माणसं. आत काय?"

"रोग बरा करणारं बियाणं. इकडे माणसं मरताहेत आणि दार काही उघडत नाही. कथा तिथंच अडलीय."

"तुझ्या कथेतला माणूस सोबत काय घेऊन गेला?"

"काहीच नाही. तो तर आणायला गेलाय."

"रिकाम्या हातानं कुणाच्या दारी जातात का गं? बांधणारे शहाणे होते."

नित्यानं वही काढली आणि कथेतल्या माणसाच्या हाती घरचं मूठभर धान्य दिलं.

"उघडलं, आत्या."

वरलक्ष्मीच्या मांडीवर बहिणीला परत करायचा रिकामा डबा होता. पापनाशमला उतरल्यावर ती आधी मिठाईच्या दुकानात शिरली.