कडुबाची किल्ली अन् तपकिरी चरबी

…नाय नाय, तुम्हीच सांगा, महिन्याचे तीस दिवस मोकळे पडलेले असताना विद्यापीठानं सूनबाईच्या पीएचडीचा व्हायवा, म्हंजे तोंडी परीक्षा, नेमका आमच्या पाण्याच्या दिवशीच ठेवायचा? तुम्हाला सांगतो, आमच्याकडं पाणी आठव्या दिवशी! गावाकडं कन्नडला विहीर आटली म्हणून मी संभाजीनगरात पोराकडं आलो, तर इथं बिल्डिंगा चालल्या दौलताबादपत्तोर अन् नळ नुसता खोकतोय… असो.

तर सूनबाई, सोनिया. पाच वर्षं एकच अभ्यास, तपकिरी चरबी! म्हणलं, "बाई, चरबीत काय अभ्यासायचं?" तर म्हणे, "मामा, तान्ह्या बाळाच्या पाठीत असते ती. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाच्या भिंतीत एक प्रथिन असतं, एरवी बंद. फॅटी ॲसिड येऊन बसलं की ते उघडतं, पलीकडं तुंबलेले प्रोटॉन आत सुटतात अन् अंग गरम होतं. ते नेमकं कुठं, कसं बसतं, हेच माझं काम." मी म्हणलं, "अगं, मग हा तर आपला कडुबाच की!" कडुबा म्हणजे आमच्या गल्लीचा व्हॉल्व्ह सोडणारा. टाकी भरलेली असू द्या, कडुबा किल्ली घेऊन व्हॉल्व्हवर बसत नाय तवर थेंब नाय! सूनबाई हसली, म्हणाली, "मामा, व्हायवात हेच सांगते."

अन् व्हायवा अकराला, पाणी बी अकराला! आमची मंडळी, मालनबाई, म्हणतात, "तुम्ही थांबा घरी, मोटार लावा." का म्हणून? सूनबाईला बाप नाय, बापाच्या जागी मी! अन् पाणी चुकलं तर? पाणी आठव्या दिवशी, सांगितलं ना! मग मी लई अक्कल लढवली… कडुबालाच संगं घेतलं! तो आमच्यासंगं असल्यावर पाणी सोडणार कोण? इस्त्रीचा सदरा घालून आला बिचारा, हातात लोखंडी किल्ली तशीच.

तिथं बाहेरून आलेले परीक्षक साहेब, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, "मॅडम, समजा फॅटी ॲसिड आलंच नाही तर?" सोपा सवाल, पण पोरगी गपगार! अन् मागून कडुबा उठला, "तर काय साहेब, व्हॉल्व्ह बंद! पाणी मागं तुंबतं अन् लोक मला शिव्या देतेत!" सगळे खो खो हसले, साहेब बी हसले, अन् सूनबाईला जी वाचा फुटली, अर्धा तास थांबली नाय. पास! तुम्हाला सांगतो, चारचौघांत रडलो मी. लाज कशाची?

पेढे खाऊन दोनला गल्लीत आलो, तर शेजारच्या लक्ष्मीबाई रिकामे हंडे घेऊन दारात, मागं अख्खी गल्ली! पाळी टळलेली, पाणी गेलं दुसऱ्या वॉर्डात. अन् आमच्याकडं तर पाणी आठव्या दिवशी… म्हणलं, "वहिनी, सून डॉक्टर झाली!" त्या म्हणाल्या, "लई चांगलं झालं आप्पा. अन् ह्या कडुबाला कुणी नेलं होतं?"

आता दर पाण्याच्या दिवशी गल्ली मला स्टूल देऊन व्हॉल्व्हपाशी बसवते, कडुबा कुठं जाऊ नये म्हणून. बसतो की! डॉक्टरच्या सासऱ्याला एवढी खुर्ची तर मिळायलाच पाहिजे… स्टूल का असंना.