पडद्यावरचा जामीन

अहो, तुरुंगातल्या कैद्यांची पडद्यावरून सुनावणी नवी होती तेव्हाचं सांगतो. मी न्यायाधीशांचा स्टेनो. साहेबांबरोबर तुरुंगाच्या पाहणीला गेलो होतो. साहेब बराकीत नेहमीचं विचारत होते, "काही तक्रार?" इतक्यात लोणीकडचे एक म्हातारे कैदी दिसले आणि साहेब थबकले.

"तुम्ही अजून इथं? जामीनदार मिळाला नाही का? चार महिन्यांपूर्वी मीच जामीन दिला की!"

"कवा? पडद्यावर आवाजच नव्हता, साहेब. तुमचं नुसतं तोंड हालत होतं."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. 'हुकूम आरोपीस समजला' हे मीच टाईप केलं होतं.

"मग त्या दिवशी पडद्यावर तुम्ही हात कशाला जोडलेत?" मी विचारलं.

"वाटलं, फुडची तारीख दिली. तीबी आमी हात जोडूनच घेतो."