सासूबाईंचा नवा पाय

कृत्रिम पाय बसवायच्या दवाखान्यात नंबरची वाट बघत बसलेल्या शिंप्याच्या कानावर शेजारच्या सासू-सुनेचं बोलणं पडत होतं.

"आई, पाय टोचतो हे आज सांगा. मागच्या वेळी इथे 'छान आहे' म्हणालात आणि घरी रडत बसलात."

"बिचारे मेहनतीनं बनवतात गं."

"पाय तुमचा आहे की त्यांचा? नीट बसला तरच तुमच्या घरी एकट्या राहू शकाल ना?"

"म्हणजे तुला मी नकोशी झालेय."

"काहीतरीच काय! तुम्ही गेलात तर घर खायला उठेल मला. पण रोज 'माझं घर, माझं घर' कोण करतं?"

तेवढ्यात पाय बनवणारा बाहेर आला.

"काय आजी, कसा वाटतो पाय?"

"टोचतो हो." सासूनं सुनेकडे पाहिलं. "पण सावकाश दुरुस्त करा. मला काही घाई नाही."